‘बनावट चावी’ लिहिण्याआधी दुसरी चावी कुठंय ते विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात गाडी चोरीची बातमी आली की एक वाक्य ठरलेलं असतंय, ‘अज्ञात चोरट्याने बनावट चावीच्या साहाय्याने’ वगैरे. मी बेळगावच्या शहापुरात सव्वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, ते वाक्य वाचलं की चहा कडू लागतो बघा. मोटरसायकलचं सोडा, हँडल लॉकला लाथ घातली की मोडतंय आणि दोन वायरी जोडल्या की चालू. जुन्या मारुती ८०० चं पण तसंच, झिजलेली कुठलीबी चावी घातली तरी फिरायची, आमच्या गल्लीत एकाची चावी दुसऱ्याच्या गाडीला लागायची आणि त्यावरनं भांडण नाही, नुसती चेष्टा व्हायची. पण चावीत चिप असलेल्या कारला बनावट चावी म्हणजे नेमकं काय, ते एकदा लिहावं म्हटलं. पत्र लांबलंय, कापायचं तर सुरुवात कापा, शेवट ठेवा.

परवा हिंडलग्याकडचं एक गिऱ्हाईक आलं. चावीचं प्लॅस्टिकचं डोकं फुटलं म्हणून बाजारात नवीन कव्हर घालून घेतलं, पातं तेच. दार उघडतंय, स्टेअरिंग सुटतंय, स्टार्टर मारला की इंजिन धरतंय आणि दोन सेकंदात गप्प. परत मारलं, परत गप्प. मीटरवर कारच्या चित्रात चावी असलेला दिवा लुकलुकतोय, पण तिकडं बघतोय कोण? एका गॅरेजात तर पेट्रोल पंप बदलून आलेले. मी विचारलं जुनं कव्हर कुठंय, म्हणाले कचऱ्यात. घरी फोन लावला, वहिनींनी बादली उपसली, नशीब घंटागाडी आली नव्हती. त्या फुटक्या कव्हरात चिंचोक्याएवढा काळा तुकडा होता, तो काढून नवीन कव्हरात बसवला आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू. माणूस माझ्याकडं असा बघायला लागला जसं काय मी अंगारा लावला.

तो काळा तुकडा म्हणजेच खरी चावी. त्याला बॅटरी नसते. इग्निशनच्या भोकाभोवती तारेची एक रिंग असते, चावी फिरवली की त्या रिंगमधनं १२५ किलोहर्ट्झच्या आसपासची लहर निघते, तिच्यावरच चिप जागी होते आणि बोलायला लागते. आमची आजी रात्री दार ठोठावलं तर नुसतं नाव सांगून कडी काढायची नाही, घरातलं काहीतरी विचारायची, दरवेळी वेगळं. गाडीचं तसंच आहे, ती दरवेळी एक नवीन आकडा पुढं करते, चिपनं आपल्या पोटातल्या गुपिताशी त्याचं गणित करून उत्तर द्यायचं, बरोबर आलं तरच इंजिनच्या कंप्युटरनं पेट्रोल सोडायचं. चोरानं आजचं उत्तर चोरून ऐकलं तरी उद्या प्रश्न वेगळा. (आणि दोन गाड्यांच्या चिपच्या चाव्या एकाच जुडग्यात अडकवू नका ओ, दोघी एकदम बोलतात आणि गाडी गोंधळते. असली गिऱ्हाइकं महिन्याला एक तरी येतंयच.)

दार उघडायचं रिमोट हे वेगळं प्रकरण, एकाच कव्हरात असलं तरी. त्याला बॅटरी लागते, बटण दाबलं की ४३३ मेगाहर्ट्झवर कोड जातो आणि दर दाबाला तो कोड पुढं सरकतो, गाडी आणि रिमोट दोघं मोजत असतात. नातवानं सोफ्यावर बसून शंभर वेळा बटण दाबलं की मोजणी चुकते, मग गाडीजवळ जाऊन लागोपाठ दोनदा दाबलं की बऱ्याच गाड्यांत परत जुळतंय. असल्या सरकत्या कोडपैकी कीलॉक नावाचा एक फार चालला, तो साऊथ आफ्रिकेत १९८० च्या दशकात तयार झाला, आणि २००८ मध्ये जर्मनीच्या बोखुमच्या विद्यापीठातल्या लोकांनी तो फोडून पण दाखवला. म्हणजे कुलूप बनवणारा एक आणि फोडणारा एक, हे चालायचंच.

चिपनं फरक पडतो का, तर अमेरिकेकडं बघा. तिथं कियाच्या आणि ह्युंदाईच्या २०११ ते २०२१ च्या, चावी फिरवून चालू करायच्या बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझरच, म्हणजे चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी ही सोयच, नव्हती. पोरांनी स्टेअरिंगखालचं कव्हर तोडायचं, यूएसबी केबलचं टोक घालून फिरवायचं आणि गाडी घेऊन जायचं, त्याचे व्हिडिओ टाकायचे. शेजारी कॅनडात २००७ पासून नवीन गाडीला इमोबिलायझरची सक्ती, म्हणून तिथं हा खेळ चालला नाही. युरोपात तर १९९८ पासूनच सक्ती. हद्द ओलांडली की नियम बदलतो हे आम्हा बेळगावकरांना कुणी शिकवायला नको.

बटण-स्टार्टवाल्यांनी मात्र जरा सावध राहा. तिथं चावी खिशात असली तरी पुरतं, आणि तेच दुखणं. एकजण गाडीपाशी, दुसरा तुमच्या दाराबाहेर, दोघांच्या हातात लहर झेलून पुढं पाठवणारं एकेक यंत्र, गाडीचा आवाज एवढा लांब नेऊन चावीला ऐकवायचा, गाडीला वाटतंय मालक शेजारीच उभा आहे. कोड फोडायला लागतच नाही. झुरिचच्या संशोधकांनी २०११ मध्ये ८ कंपन्यांची १० मॉडेलं अशी उघडून चालू करून दाखवली होती. उपाय साधा, चावी दारामागच्या खुंटीला लावू नका, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, आणि डब्यावर आंधळा विश्वास नको, तो घेऊन गाडीपाशी जावा आणि हँडलचं बटण दाबा, दार उघडलं तर डबा परत साखरेला.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडं गाडी इकडची तिकडं लई होते. कोल्हापूरची एमएच ०९ निपाणीला येते, गोव्याची गाडी खानापूरला, इथली केए २२ पलीकडं जाते. घेणारा माणूस हुशार, आरसी बघतो, फॉर्म २९, ३०, एनओसीचा २८, इन्शुरन्स, सगळ्याची झेरॉक्स घेतो, टायरला नख लावून बघतो, पण चाव्या किती हे विचारत नाही. माझ्या साडूनंच तसं केलं. एजंट म्हणाला दुसरी चावी जुन्या मालकाकडं राहिली, पाठवून देतो, चार महिने झाले आली नाही. शेवटी मी गाडीच्या कंप्युटरला स्कॅनर लावला, गाडीत तीन चाव्या नोंदलेल्या दिसल्या. साडूच्या हातात एक. म्हणजे दोन चाव्या कुठंतरी फिरत होत्या आणि त्यातल्या एखाद्याकडं साडूच्या घराचा पत्ता पण असेल, कागदावर असतोच की. असल्या चावीनं गाडी गेली तर काच फुटत नाही, वायर तुटत नाही, आणि आपण म्हणायचं बनावट चावी. बनावट कसली, कंपनीची अस्सल चावी ती!

त्यात इन्शुरन्सवाले चोरीच्या क्लेमला दोन्ही चाव्या मागतात. एकच दिली तर दुसरी कुठंय हे सांगता सांगता नाकी नऊ येतात.

सगळ्या नोंदलेल्या चाव्या पुसून हातातली तेवढी परत शिकवता येते. अर्ध्या पाऊण तासाचं काम, काही गाड्यांना कंपनीचा पिन लागतो. साडूची तशी केली, जास्तीची एक नवीन चावी पण घेतली, काही हजार गेले, बायकोनं बोलून घेतलं ते वेगळं. जुन्या चावीचं पातं दार अजून उघडतंय हे लक्षात ठेवा, फक्त इंजिन चालणार नाही, तेव्हा डिकीत दागिन्यांची पिशवी ठेवून लग्नाला जाऊ नका.

तेव्हा एजंट लोकांना विनंती, डिलिव्हरी नोटवर चाव्या किती दिल्या ते लिहा, एका ओळीचं काम आहे. आणि संपादकसाहेब, तुमच्या वार्ताहरांना सांगा, कार चोरीची बातमी घेताना मालकाला एवढं विचारा, गाडी नवीन घेतलेली का जुनी, चाव्या किती आणि त्या आता कुठं आहेत. उत्तर मिळालं तर तेच छापा.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन
शहापूर, बेळगाव