ऑगस्टात या, कणसं खायला

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांनी पुन्हा एप्रिल-मेचाच विषय काढला, तेव्हा हवा बरी असते म्हणून. हवा बरी असते, पण इथे अमेरिकेत, आयोवात तेव्हा मक्याची नुकती पेरणी चाललेली असते. बघायला काळी माती आणि खायला काही नाही. तुम्ही ऑगस्टात या. कणसं खाल्ल्याशिवाय तुम्हाला मी परत जाऊ देणार नाही. फोनवर आवाज तुटतो, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

बाबा, तुम्ही आल्याआल्या एकरी उतारा विचाराल. साधारण २०० बुशेल (इथलं धान्याचं माप), म्हणजे आपल्या हिशेबाने ५० क्विंटल. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर मकाच मका. पण तो आपण खायचा नाही. तो शेतातच वाळतो आणि जनावरांच्या खाद्याला, नाहीतर इथेनॉलला जातो. संकरित मक्याचं बियाणं विकणारी कंपनी हेन्री वॉलेस यांनी १९२६ मध्ये इथे जवळच, डी मॉइनला काढली. हाच माणूस पुढे १९४१ मध्ये अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला. बियाण्यातला माणूस तिथवर पोचला, हे तुम्हाला फार आवडेल.

खायच्या गोड मक्याचे तुकडे या सगळ्यात अगदी लहान. जुलैच्या मध्याला तो सुरू होतो. चौकाचौकात पिकअप गाड्या उभ्या राहतात, मागचा हौदा हिरव्यागार कणसांनी भरलेला, सगळी त्याच दिवशी पहाटे तोडलेली. डझन घेतलं की बरेचदा तेरावं कणीस वर टाकतात. शेताच्या कडेला तर नुसतं टेबल आणि पैशांचा डबा असतो, माणूस कुणी नाही. पैसे टाकायचे, कणसं उचलायची.

तोडल्या दिवशीच खाण्यावर इथले लोक एवढे का अडून बसतात, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. कणीस दुधावर असतानाच तोडतात आणि तोडल्या क्षणापासून दाण्यातल्या साखरेचं पीठ (स्टार्च) होऊ लागतं. जुन्या जातींत उकाड्याच्या दिवसांत निम्मी गोडी एका दिवसात गेलेली असते. हुरडा शेतात, आगटीशेजारी बसूनच खायचा, घरी नेला की संपलं, असं तुम्ही म्हणायचात ना, तोच हा प्रकार. १९५० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लाफनन यांनी गोडी टिकवणारा मका शोधला, आता बाजारात बहुतेक त्याच घराण्यातला असतो. तो कित्येक दिवस गोड राहतो खरा, पण मला त्याची साल जाड लागते. जुन्या जातीचा मऊ, दुधाळ दाणा मिळाला तर मी तोच घेते. तुमच्यासाठीही तोच शोधून ठेवीन.

शिजवायला काहीच नाही. पाणी खळखळलं की कणसं सोडायची आणि तीन-चार मिनिटांत काढायची. वर लोणी आणि मीठ, बस. भाजलेलं हवं असेल तर गावात मेक्सिकन लोकांची गाडी लागते. ते निखाऱ्यावरच्या कणसाला साय, चीज लावतात आणि वर तिखट नि लिंबू! पहिल्यांदा खाल्लं तेव्हा सिंहगडावरच्या पावसाची इतकी आठवण आली की तिथेच उभी राहून दुसरं घेतलं. मका मुळात त्यांच्याच मुलुखातला. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोत टेओसिंटे नावाच्या गवतापासून माणसांनी तो घडवला.

बाबा, कवळीची काळजी करू नका. कणीस ताटात उभं धरून सुरीने दाणे उतरवायचे, मग सुरीच्या पाठीने बुरखुंड खरवडायचं. उरलेलं दूध सगळं निघतं. त्याचा आईने कीस करायचा, मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी देऊन, वरून खोबरं. मी करते तो तुझ्यासारखा होत नाही गं, आणि त्या कोवळ्या दाण्यांचा तू केलेला कीस मला खायचाच आहे.

उकाडा असेल, हे आधीच सांगते. एवढी शेतं पानांतून पाणी हवेत सोडतात, त्यामुळे दमटपणा वाढतो. इथे त्याला ‘मक्याचा घाम’ म्हणतात. घरात एसी आहे. बाहेर पडू ते सकाळी नाहीतर सूर्य कलल्यावर. ऑगस्टात जवळच्या एडेल गावी गोड मक्याची जत्रा असते आणि डी मॉइनला राज्याची मोठी जत्रा. तिथे १९११ पासून लोण्याची गाय घडवून ठेवतात. बाबांना जनावरांचे गोठे बघायचेत, आपण सबंध दिवस काढू.

पुढच्या वर्षी गणपती सप्टेंबरात आहेत, आई, त्याआधी तू घरी पोचशील. येताना हिंग आण. कढीपत्ता आणू नकोस, विमानतळावर काढून घेतात. मी कुंडीत लावलाय. बाबांच्या पासपोर्टची मुदत बघून मला रविवारी सांगा, म्हणजे तिकिटं काढते.

तुमची,
लेक