दादा, ते लेबल वाचायला लावलंस म्हणून थँक्यू

दादा,

थँक्यू म्हणायला फोनच करणार होतो, पण फोनवर तू "बरं बरं, ठेव आता" करून कट करतोस, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, गुपचूप वाच.

नव्या गेमिंग पीसीच्या पार्ट्सची मी पहिली लिस्ट पाठवली तेव्हा वाटलेलं तू एखाद-दुसरी गोष्ट बदलशील. आय७ प्रोसेसर, सहा आरजीबी (रंगीत लाइटवाले) फॅन, काचेचा कॅबिनेट, आणि ग्राफिक्स कार्डसमोर लिहिलेलं "उरलेल्या पैशात जे येईल ते". तू लिस्टबद्दल चकार शब्द काढला नाहीस, फक्त विचारलंस मॉनिटर कुठला? म्हटलं जुनाच, १०८०पी, म्हणजे साधा फुल एचडी. मग आय७ कोणासाठी घेतोयस रे, म्हणालास. खोटं कशाला बोलू, दोन दिवस राग आलेला.

पण मग तू नीट समजावलंस, गेमिंगचाच पीसी आहे ना मग आधी कार्ड ठरव आणि उरलेल्यात बाकीचं बसव, आणि तिथून गाडी आरएक्स ६६०० कार्ड आणि रायझन ५ ५६०० प्रोसेसरवर आली. कूलर प्रोसेसरच्या बॉक्समध्येच येतो, म्हणजे तो खर्च कटाप. बी४५० मदरबोर्ड घेतोस तर बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलेलं आहे का विचार, जुनं असेल तर ५६०० ओळखणारच नाही, हेही तूच सांगितलंस. आणि ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, तेव्हा कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ वगैरे चालणार नाही. (हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.)

खरे आभार मात्र पॉवर सप्लायचे. कॅबिनेटसोबत फुकट मिळत होता, वर ठळक अक्षरात ५०० वॅट, मी खूश. तू लेबलचा फोटो मागवलास आणि म्हणालास १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते वाच, कार्ड आणि प्रोसेसर त्याच लाइनवर चालतात. १८. गुणिले १२ कर. २१६ वॅट! एकट्या कार्डलाच १३२ लागतात, प्रोसेसर ६५ चा, म्हणजे बाकी सगळ्याला मिळून उरले १९. मी ते लेबल कितीतरी वेळ बघत बसलो. फॅन गेले, काच गेली, त्या पैशात चांगला ५५० वॅटचा आला.

आणि ती रात्र. सगळं जोडलं, फॅन फिरतायत, स्क्रीन काळी. रॅम काढून घातली, कार्ड काढून घातलं, घाम फुटला, शेवटी साडेबाराला तुला व्हिडिओ कॉल. तू म्हणालास मागची बाजू दाखव, तीन सेकंद बघितलंस आणि हसत सुटलास. मॉनिटरची एचडीएमआय केबल कार्डऐवजी मदरबोर्डला लावलेली. वरचं वाक्य आठवलं का? मला तेव्हा आठवलं.

तरी झोपला नाहीस, आठ-आठ जीबीच्या दोन्ही रॅम मी शेजारी-शेजारी लावलेल्या त्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हलवून घेतल्यास, आणि ३२०० स्पीडची रॅम २१३३ वर चालतेय बघून एक्सएमपी (रॅम पूर्ण स्पीडला चालवायचं बायोसमधलं सेटिंग) पण चालू करून घेतलंस. सकाळी तुला ऑफिस होतं हे मला नंतर कळलं, सॉरी.

एक सांगायचं राहिलं. बोर्डच्या बॉक्समध्ये ती मागे बसवायची पत्र्याची आयओ शील्ड असते ना, ती अजून बॉक्समध्येच आहे. बोर्डच्या आधी बसवायची असते, आणि मला बोर्ड कसून झाल्यावर सापडली. रविवारी फ्री आहेस का?