मोरित्झबुर्गचे तळे

नाशिक, रविवार रात्र

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझी दोन पत्रे उत्तरावाचून पडून आहेत, त्याबद्दल आधी क्षमा माग​तो. प्रकृती ठीक आहे, गुडघा पूर्वीइतकाच दुखतो. आज लिहायला बसलो त्याचे कारण वेगळे आहे. माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती तुझ्याखेरीज कोणाला सांगून उपयोग नाही.

सरांच्या स्मृतिदिनाला यंदा मी जर्मन पक्षिशास्त्रज्ञ एर्विन श्ट्रेझेमानवर बोलणार आहे. महिनाभर त्याचीच टिपणे काढतो आहे. तुला त्याच्या आयुष्यातली सेरामची मोहीम सर्वांत प्रिय, हे मी विसरलेलो नाही. ड्रेस्डेनच्या एका औषधविक्रेत्याचा हा मुलगा १९१० मध्ये, विशीत, कार्ल डेनिंगर यांच्या, आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांच्या मोहिमेबरोबर निघाला, दोन वर्षे मलायात आणि बाली, सेराम बेटांवर हिंडला, आणि १९११ मध्ये बालीच्या उत्तर किनाऱ्याकडे बुबुनानजवळ त्याला ती पांढरीशुभ्र, डोळ्यांभोवती निळी कातडी असलेली मैना मिळाली, जिची शास्त्राला तोवर वार्ताही नव्हती. त्या मैनेवरून लोणावळ्याच्या फलाटावर आपण इतके भांडलो की दोन गाड्या डोळ्यांदेखत निघून गेल्या. तू म्हणायचास, शोध तो शोध. मी म्हणायचो, बंदुकीने टिपलेल्या पाखराचे कौतुक कसले. आता मला तुझे थोडे पटते. पक्षी गोळा करायला गेलेला हा तरुण सेराममधल्या लोकांची पाउलोही भाषा शिकला आणि १९१८ मध्ये त्याने तिच्यावर पुस्तक लिहिले. ऐकण्याची एवढी तयारी असलेला माणूस नुसता शिकारी नसतो.

पण माझे पेन अडले ते मोरित्झबुर्गच्या तळ्यापाशी. मार्च १९२३. एर्न्स्ट मायर तेव्हा अठरा वर्षांचा होता, शाळा नुकतीच संपलेली, आईने दिलेली नवी दुर्बीण गळ्यात. ड्रेस्डेनजवळच्या त्या तळ्यावर त्याला लाल चोचीच्या बदकांची जोडी दिसली: मोठी लालसरी. आपल्याकडे हिवाळ्यात जायकवाडीला ती दिसते, पण त्या भागात कित्येक वर्षांत तिची नोंद नव्हती. गावातल्या जाणकारांनी विश्वास ठेवला नाही. शेवटी तो बर्लिनच्या संग्रहालयात श्ट्रेझेमानकडे गेला. श्ट्रेझेमानने त्याला हसून वाटेला लावले नाही आणि लगेच मानही डोलावली नाही. बारीकसारीक प्रश्न विचारून त्याची कसून उलटतपासणी घेतली, खात्री पटल्यावर नोंद स्वीकारली, आणि वर सुट्टीत संग्रहालयात कामाला ये म्हणून सांगितले. कोणीतरी स्वर्गाची किल्ली हातात द्यावी तसे मला वाटले, असे मायर म्हातारपणीही सांगत असे. वैद्यकी सोडून तो पक्ष्यांकडे वळला आणि विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उत्क्रांतिशास्त्रज्ञांपैकी एक झाला.

आता माझे ऐक. तीन रविवारांपूर्वी नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात, चापडगावच्या बाजूला, एक मुलगा माझ्याकडे आला. पंधरा-सोळा वर्षांचा असेल. त्याच्या हातात शंभर पानी वही होती, मागच्या पानांवर कांद्याच्या गोण्यांचा हिशेब आणि पुढे पेन्सिलीने काढलेले एक बदक. चोचीच्या टोकाशी त्याने बाण काढून रंग लिहिला होता, पंखावरच्या पट्टीची रुंदी बोटाच्या पेराने मोजल्यासारखी दाखवली होती, आणि खाली वेळ होती, सात वाजून वीस मिनिटे, ऊन पाठीमागून. मी चार लोकांसमोर विचारले, ‘फोटो आहे का?’ तो नाही म्हणाला. मी म्हणालो, ‘मग राहू दे,’ आणि वही परत दिली. त्याने वहीचा दुमडलेला कोपरा अंगठ्याने दोनतीनदा सरळ केला आणि तो बांधावरून निघून गेला. त्यानंतर तो आलेला नाही. बदकाचे नाव मी इथे लिहीत नाही. नोंद खरी असेल तर ते नाव आधी त्याच्या तोंडून लोकांना कळले पाहिजे.

हे तुलाच का लिहितो, ते तुला ठाऊक आहे. त्याच पाण्यावर, त्या वर्षीच्या जानेवारीत, तुझी नोंद अशीच बाजूला सारली गेली होती. मी तुझ्या शेजारी उभा होतो, तो पक्षी मीही पाहिला होता, आणि मी बोललो नाही. नंतर सहा वर्षे तू दुर्बिणीला हात लावला नाहीस. यावर आपण कधी बोललो नाही. आज मी तुझी माफी मागतो.

सालिम अलींचेच बघ. विद्यापीठाची पदवी नाही, अशा माणसाला १९२९ मध्ये श्ट्रेझेमानने बर्लिनमध्ये जवळ बसवून ब्रह्मदेशातून आलेले नमुने हाताळायला दिले. परतल्यावर मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी उरली नव्हती, पण किहीमला सुगरणींचा विणीचा मोसम समोर होता, आणि कसे पाहायचे हे ते शिकून आले होते. नर घरटे अर्ध्यावर विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडले तरच तिथे राहते, आणि मग नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे सगळे तिथल्या बैठकीतून बाहेर आले. श्ट्रेझेमान स्वतःही म्हातारपणापर्यंत पाहतच राहिला; पत्नी व्हेस्टाबरोबर त्याने पक्ष्यांची पिसे कोणत्या क्रमाने गळतात याचा अभ्यास केला आणि १९६६ मध्ये, शहात्तराव्या वर्षी, त्यावर ग्रंथ काढला. एकेक पीस तपासायला सवड असलेल्या माणसाला एका मुलाची वही वाचायला सवड होती. मला पाच मिनिटे नव्हती.

मुलाचे गाव मला नीट माहीत नाही. पुलाकडून सायकलवर येतो, एवढेच नावाडी सांगतो. मी एकटा गेलो तर तो बिचकेल. तू ये. प्रश्न विचारण्याची तुझी पद्धत शांत आहे, आणि त्या वहीत काय लिहिले आहे ते तुला माझ्याहून लवकर कळेल.

धाकटीच्या परीक्षेचे काय झाले? नवे घर लागले का? वहिनींना नमस्कार सांग, त्यांच्या लोणच्याची बरणी परत करायची राहिली आहे.

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघालास तर पहाटे मी स्टेशनवर असेन. दुर्बीण आण, आणि तुझी त्या वर्षीची वही जपून ठेवली असशील तर तीही आण. मुलाला दाखवायची आहे.

तुझाच