पं. हरिप्रसाद चौरसिया यांस, सोलापूरच्या एका जॉबरकडून

आदरणीय पंडितजी,

सादर नमस्कार. इतकी वर्षं तुम्ही मुंबईत काढलीत, म्हणून मराठीतच लिहितो.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांवर जॉबर होतो. चादरी, टॉवेल. कोणता माग कुठं अडतोय ते खडखडाटातून नुसत्या कानानं ओळखायचं, हे आमचं काम. कान तयार झाला, पण छाती गेली. सुताचा बारीक तूस वर्षानुवर्षं आत जात राहिला आणि जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी पंप दिला आणि श्वासाचे व्यायाम सांगितले. हळू आत घ्या, त्याहून हळू बाहेर सोडा. पंप ओढायला काय लागतं? व्यायामाचा मात्र लगेच कंटाळा आला.

आभार मानायचेत ते त्या व्यायामापायी.

पहाटे तुमच्या बासरीवरचा राग ललित लावून बसायची जुनी सवय. एकदा लक्षात आलं की तुम्ही आलापीत सूर लावलात की मीही श्वास सोडतोय. माझा संपला, तुमचा चालूच. मग ईर्षाच लागली. रोज तुमच्या मागं धावायचं आणि रोज हरायचं. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तोच की, फक्त आता त्यात गंमत होती.

बासरी ऐकली की लोकांना कृष्ण आठवतो. मला तालीम आठवते. तुमचे वडील अलाहाबादचे पैलवान, मुलानंही पैलवानच व्हावं अशी त्यांची इच्छा, तुम्हीही आखाड्यात घाम गाळलेला. आमच्या सोलापुरात तालमींना तोटा नाही, त्यामुळे जोर-बैठका मारलेला दम कसा असतो ते आम्हाला कळतं. आलापीनंतर लय धरणाऱ्या तुमच्या जोडात जिभेच्या आघातानं श्वासाचे तुकडे पडतात, पण मागचा दम तुटत नाही. मला तुमचं हे सगळ्यात आवडतं. तबल्याबरोबरच्या सवाल-जवाबाला टाळ्या पडतात, पडू देत. माझ्या मते खरं काम त्याच्या कितीतरी आधीच होऊन गेलेलं असतं.

पुढं सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेतून एक बासरी आणली. ती आखूड, किंचाळायची. मग लांब, खालच्या सुराची मिळवली. पोकळ बांबू, फुंकायचं एक भोक, बोटांची सहा. बस्स. कोमल रिषभ हवा तर भोक अर्धंच उघडायचं, आणि ते अर्धं म्हणजे नेमकं किती हे बोटानंच ओळखायचं. मला ते जमत नाही. मी नुसता सा धरतो. सूनबाई म्हणते, "मामा, निदान दुसरा सूर तरी लावा!"

तुमच्या गुरू अन्नपूर्णादेवींची गोष्ट वाचली नसती, तर तेवढंही धाडस झालं नसतं. 1957 मध्ये तुम्ही कटक आकाशवाणीवर लागलात, पुढं मुंबईत नाव झालं, स्टुडिओत हातात काम होतं. अशा वेळी त्यांच्याकडं गेलात आणि पहिल्यापासून शिकायला बसलात. मन लावून शिकणार हे त्यांना पटावं म्हणून बासरी उजवीकडची डावीकडं घेतलीत. लोक ही गोष्ट गुरुभक्तीची म्हणून सांगतात. मला त्यात कारागीर दिसतो. वर्षानुवर्षं मुरलेल्या कामगाराला उद्यापासून हात बदल म्हटलं तर तो कारखाना सोडेल, पण हात बदलणार नाही. तुम्ही तो बदललात. त्या दिवसांत तुमच्याही बासरीतून नुसती हवा निघाली असेल, असं मी धरून चालतो. त्यानं मला बरं वाटतं, राग मानू नका.

आता आमच्या गल्लीतले, मागावरचेच, आणखी दोघं सकाळी येऊन बसतात. दोघांच्याही खिशात पंप. एकाला 'सिलसिला' सिनेमाची गाणी हवी असतात. संतूरवाल्या शिवकुमार शर्माजींबरोबर तुम्हीच त्यांना संगीत दिलंय हे सांगितल्यापासून तो तुम्हाला जरा जास्त मानतो. ललित लागला की मात्र त्याला डुलकी लागते. दुसरा डोळे मिटून ऐकतो आणि म्हणतो, सगळं छान आहे, पण मधेच काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतंय. ललितात पंचम, म्हणजे प हा सूरच नसतो, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

तुमचा ऋणी,
सोलापूरचा एक निवृत्त जॉबर