अशक्तपणा म्हणून सलाईन, नैराश्य तसेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीमाभागातल्या आत्महत्येच्या बातम्यांत एक गोष्ट सतत खटकते. गेलेला माणूस मजूर किंवा अल्पभूधारक असला की नाव, गाव, कर्जाचा आकडा, मरणाची रीतसुद्धा छापून येते. पेठेतल्या नावाजलेल्या घरातला असला की ‘अल्पशा आजाराने निधन’. एकाची अब्रू सांभाळायची आणि दुसऱ्याची वेशीवर टांगायची, असा हा हिशेब आहे. आणि नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार आहे, हे दोन्हीकडे राहूनच जाते.

कर्ज हे कारण खोटे नसते, पण अपुरे असते. जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांचा लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांविषयीचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. कामगार घरांतल्या स्त्रियांत नैराश्य बरेच जास्त होते. मन मोकळे करायला जवळचे माणूस नसणे, बाहेरची नोकरी नसणे, पदरात १४ वर्षांखालची तीन किंवा अधिक मुले असणे, लहानपणीच आई गेलेली असणे, यांपैकी काही असेल तर आलेले संकट जास्त खोल रुतते. ब्राऊन यांच्या पुढच्या कामातून आणखी एक गोष्ट दिसली. नुसत्या नुकसानीपेक्षा चारचौघांत झालेली मानहानी आणि सुटकेची वाट नसणे माणसाला अधिक खचवते. वसुलीवाला दारात उभा राहून ओरडतो तेव्हा नेमके हेच घडते.

ब्रिटनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरचा व्हाइटहॉल अभ्यासही इथे आठवावा. त्यात सगळे पगारी, उपाशी कोणीच नव्हते. तरी हुद्द्याची पायरी उतरत जावी तसे आरोग्य ढासळत गेले, आणि आपल्या कामावर आपला ताबा किती हा त्यातला मोठा भाग निघाला. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजारावर, आणि त्यातल्या किती विड्या नापास करायच्या हे तपासणाऱ्याच्या मर्जीवर. बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या यंत्रमागावर वीज कधी जाईल आणि सूत कधी मिळेल, हे विणकराच्या हातात नाही. उलटाही प्रवास होतो, तोही विसरू नये: आजारी माणसाचे खाडे वाढतात, रोजगार सुटतो, मान घटतो.

असा माणूस दवाखान्यात ‘मी निराश आहे’ असे म्हणत नाही. अंग दुखते, डोके जड आहे, झोप नाही, छातीत धडधडते, हातपाय गळतात, एवढेच सांगतो. बायका अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन येतात. गोव्यातल्या संशोधनात या तक्रारीचा मानसिक ताणाशी संबंध दिसला आहे. मग मिळते काय? सलाईन, बी-१२चे इंजेक्शन, टॉनिक आणि झोपेची गोळी. अल्प्राझोलामसारखी गोळी काही आठवड्यांत सवय लावते आणि मूळ आजार आहे तिथेच राहतो. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य-चिंतेसारख्या आजारांचे दर १०० पैकी सुमारे ८५ रुग्ण उपचाराविना आढळले.

तपासणी अवघड नाही. नैराश्य ओळखण्याच्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज २७ पर्यंत. १० किंवा जास्त आले की डॉक्टरांकडे पाठवावे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आले तर बेरीज न बघता त्याच दिवशी हालचाल करावी. चुकते ते विचारण्यात. सासूसमोर किंवा शेजाऱ्याला दुभाषी करून विचारले की सगळी उत्तरे शून्य. एकांतात, झोप-भूक-काम यांपासून सुरुवात करावी. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासावे, कारण त्यांचा थकवा असाच दिसतो.

नैराश्याच्या गोळीने फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थता मात्र पहिल्याच आठवड्यात येते. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण दहाव्या दिवशी गोळ्या सोडतो. बरे वाटल्यावरही किमान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात, आणि एकदम थांबवल्या तर चक्कर, बेचैनी. पाच-पाच दिवसांच्या गोळ्या देणे म्हणजे दर खेपेला एक रोज बुडवणे. धोका नसेल तिथे महिन्याच्या द्याव्यात.

चोर्ला घाटापलीकडे, गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना उभारी दिली. ही चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पद्धत साधी: रोजचे एक छोटे काम वेळेसह ठरवायचे, पुढच्या बैठकीत ते का झाले किंवा का नाही हे बघायचे. मात्र घराबाहेर पडायला परवानगी लागणाऱ्या सुनेला ‘आवडेल ते करा’ सांगून काही होत नाही. तिचे काम बचतगटाच्या बैठकीला किंवा मुलाच्या शाळेच्या वाटेला जोडावे लागते. खानापूर तालुक्यात हे करायला काय हरकत आहे? मराठी-कन्नड दोन्ही बोलणाऱ्या आशा कार्यकर्त्या गावोगावी आहेत. फक्त या जादा कामाचा मोबदला वेगळा द्यावा.

रुग्णाशी त्याच्याच भाषेत बोलावे, हा आग्रह इथे राजकारणाचा नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात संमतीच्या व्याख्येतच रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देणे आले आहे. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला, बीपीएल कार्ड हातात नसले तरी, सरकारी आणि सरकारी अनुदानित मानसिक आरोग्य संस्थांत मोफत उपचाराचा हक्क त्याच कायद्याने दिला आहे. कार्ड नाही म्हणून कोणी परत पाठवले तर कलम १८ दाखवावे.

आपल्याकडून अपेक्षा दोन. आत्महत्येच्या बातमीत मरणाची रीत आणि एका शब्दातले कारण छापू नये, घर कोणतेही असो. आणि बातमीखाली टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्यावा, सोबत एवढेच: फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो, मराठीतही बोलता येते.

आपले,
ग्रामीण आरोग्य केंद्रांतील समुपदेशक, जि. बेळगाव