सदतिसावा फोटो

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. फोनवर मी मुद्द्यावर आले की तू "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलतेस, आणि बाबा "घे, आईशी बोल" म्हणून फोनच देऊन टाकतात. म्हणून लिहायला बसले. बाबांनी मोठ्यानं वाचावं आणि आईनं हातातलं काम ठेवून ऐकावं.

आधी माफी मागते. गेल्या खेपेला दुपारी आईचा खुर्चीतच डोळा लागला होता. चष्मा कपाळावर, मांडीवर अर्धवट घडी केलेली चादर. पडद्यातून गाळून आलेला उजेड गालावर पडला होता. मी फोटो काढला आणि रात्री घरच्या ग्रुपवर टाकून मोकळी झाले. मला त्यात फक्त उजेड दिसत होता. आत्यानं, काकूनं खाली काय काय लिहिलं ते तू वाचलंस आणि मला एवढंच म्हणालीस, "विचारायचंस तरी गं." त्यावर मी तुलाच समजावत बसले की फोटो किती छान आलाय. चुकलं माझं. तो फोटो मी ग्रुपवरून काढून टाकलाय. यापुढे तुझा एकही फोटो तुला दाखवल्याशिवाय आणि तू हो म्हटल्याशिवाय कुठेही जाणार नाही. बाबांचाही नाही. बाबा "टाक गं, काय होतंय" म्हणतील, तरी विचारीन.

दुसरं बाबांसाठी. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतली निगेटिव्हची पाकिटं मी घेऊन आले आहे. न सांगता. शोधत बसू नका आणि त्यासाठी शिडीवर तर मुळीच चढू नका. विचारलं असतं तर "राहू दे, मी एकदा नीट लावून देतो" म्हणाला असतात, आणि ते 'एकदा' दादा कॉलेजात जायच्या आधीपासून चाललंय. बाबा, माळा तापतो आणि ओलही धरतो. फिल्मला दोन्ही वाईट. दोन पाकिटांत बुरशीनं जाळी धरली होती. बाकी सगळं शाबूत आहे. पांढऱ्या उजेडाच्या पाटीवर एकेक पट्टी ठेवायची, वरून डिजिटल कॅमेऱ्यानं फोटो घ्यायचा आणि संगणकावर उलटा करायचा, असं रोज रात्री तासभर करते. पट्टी कडेनंच धरते, सुती मोजे घालून. एकही ओरखडा पडू दिलेला नाही, तुमची शपथ.

आणि त्यात मला आपले सदतिसावे फोटो सापडले.

आठवतं ना, बाबा? रोल ३६ फोटोंचा. तुम्ही तो भरताना सुरुवातीची फिल्म इतकी बेतानं गुंडाळायचात की शेवटी एक फोटो हमखास जास्तीचा निघायचा. तो माझा. तुम्ही मला स्टुलावर उभं करायचात, पट्टा माझ्या गळ्यात घालायचात आणि माझी दोन्ही कोपरं मागून अंगाशी दाबून धरायचात. "श्वास सोड. आता हळूच दाब." मानेवर तुमची दाढी टोचायची. गेल्या दोन वर्षांत फोटोग्राफीच्या क्लासमध्ये कॅमेरा धरायला शिकवला तेव्हा सरांनी तेच सांगितलं, कोपरं अंगाशी आणि श्वास सोडताना बटण. मला नव्यानं काहीच शिकावं लागलं नाही.

ते फोटो आपण कधी पाहिलेच नव्हते. काही अर्धेच उमटलेत, कारण फिल्म तिथं संपली. जे पूर्ण आले ते धुणाऱ्यानं छापलेच नाहीत. पण पट्टीच्या कडेला ३७ आकडा स्पष्ट वाचता येतो. मला असे अकरा सापडले आणि अकरांपैकी नऊ आईचे आहेत. बाबांच्या त्या शेकडो फोटोंत आई शोधावी लागते. सगळ्यांना ओळीनं उभं केलं की ती "आले, आले" म्हणत आत जायची, आणि बाबांना तर एकेक फोटो जपून काढायचा असायचा, ते किती थांबणार! मी मात्र कॅमेरा हातात आला की आईकडेच वळवत असणार. सगळे खालून काढलेले, तिरपे. एका कृष्णधवल पट्टीवर तू कपडे वाळत घालतेयस. निगेटिव्हवर काळं ते पांढरं दिसतं, त्यामुळे तुझी ती जाड काळी वेणी पांढरीशुभ्र दिसत होती. मी उलटं करण्याआधी बराच वेळ तशीच बघत राहिले. तिशीतली तू, आजच्या केसांनी.

त्या नऊच्या नऊ फोटोंत तुझे हात हललेले आहेत. आणि मी हे पत्र त्या हातांसाठी लिहितेय, म्हणून थोडं समजावून सांगते. बाबांना माहीत आहे, आई तू ऐक.

शटर जितका वेळ उघडं, तितक्या वेळातली सगळी हालचाल फोटोत उमटते. तुमच्या पळत्या नातवंडाचा, आपल्या पिल्लाचा, स्वच्छ फोटो हवा तर मी सेकंदाचा पाचशेवा भाग ठेवते. शांत बसलेल्या माणसाला साठावा भागही पुरतो. घरात, संध्याकाळी, फ्लॅश न लावता काढायचा तर उजेड कमी, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. भिंगाचं भोक मोठं करता येतं, पण माझ्या ५० मिलिमीटरच्या भिंगावर ते १.८ पर्यंत उघडलं आणि हातभर अंतरावरून फोटो काढला, तर जेमतेम एक-दोन सेंटीमीटर खोलीच स्पष्ट राहते. डोळे स्पष्ट आले तर कान नाहीत. बाबा, तुमच्या वेळी रोलच्या डबीवर १०० किंवा ४०० छापलेलं असायचं आणि रोल संपेपर्यंत ते बदलता यायचं नाही. आता तो आकडा, म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता सांगणारा आयएसओ, दर फोटोला बदलता येतो, पण फार वाढवला की चित्रात दाणे येतात. (आणि हो, फोनमधल्या फोटोत तुमचं नाक मोठं येतं याला नाक जबाबदार नाही. पिल्लू फोन तुमच्या तोंडाशी नेतं म्हणून तसं होतं. चार पावलं मागं गेलं की ठीक येतं.)

क्लासमध्ये आम्हाला एक जुना फोटो दाखवला होता. १८३८ मध्ये द्यागेर या फोटोग्राफीच्या आद्य संशोधकानं पॅरिसमधल्या एका रस्त्याचा काढलेला. रस्ता वर्दळीचा होता, गाड्या-घोडे होते, माणसं होती, पण फोटोत तो रिकामा दिसतो. उजेड उमटायलाच तेव्हा कित्येक मिनिटं लागत, त्यामुळे जे जे चालत होतं ते पुसून गेलं. कोपऱ्यात एक माणूस पाय वर ठेवून बुटांना पॉलिश करून घेत होता. तो जागेवर राहिला म्हणून तेवढा उमटला. सगळे त्या माणसाबद्दल बोलत होते. मला मात्र रस्त्यावरचे बाकीचे सगळे आठवत राहिले, आणि तू आठवलीस. आमच्या सगळ्यांच्या मागून तू सतत कुठेतरी निघालेली असायचीस.

आता खरं सांगते. क्लासच्या पहिल्या वर्षी मी घरी आले होते तेव्हा संध्याकाळी मधल्या खोलीत तुझे खूप फोटो काढले होते, सेकंदाचा तिसावा भाग ठेवून. तुझे हात प्रत्येक फोटोत हललेले. मला ते आवडले म्हणून मी तसेच ठेवले. या खेपेला तीच खोली, तीच वेळ, तोच तिसावा भाग. डिजिटल फोटोत वेळ आणि शटर दोन्हीची नोंद फाइलमध्येच असते, म्हणून मी शेजारी शेजारी लावून पाहिले. या वेळच्या जवळजवळ सगळ्या फोटोंत तुझे हात स्वच्छ आलेत. आधी मला वाटलं, माझाच हात बसला. आनंदानं फोटो सरांना पाठवायला काढले. मग लक्षात आलं की माझा हात हलला असता तर भिंतही हलली असती. पहिल्या वर्षी भिंत, दार, खुंटी सगळं स्पष्ट होतं, फक्त तू हललेली होतीस. या वेळी तू हलत नव्हतीस, आई. प्रत्येक फोटोत तू टेकलेली आहेस. दाराच्या चौकटीला, भिंतीला, नाहीतर खुर्चीच्या पाठीला. मी चार दिवस घरात होते, तुझ्याशी बोलत होते, आणि मला ते तिथं दिसलं नाही. इथं येऊन पडद्यावर दिसलं. याचं मला फार वाईट वाटतंय.

बाबा, तुमचंही एक आहे. तुमचं घड्याळ पूर्वी मनगटाच्या हाडाच्या वर असायचं. आता ते तळहाताच्या मुळापर्यंत घसरलेलं दिसतं. पट्टा तोच आहे, मी मोठा करून पाहिलं.

हे वाचून घाबरू नका. वयानं दमायला होतं, जरा बारीकही व्हायला होतं, मला कळतं. कदाचित काहीच नसेल, आणि तसं निघालं तर माझ्याएवढा आनंद कुणाला होणार नाही. पण मी तुमच्या दोघांच्याही तपासण्यांची वेळ घेतली आहे. दादाशी बोलून झालंय, त्याचंही हेच मत आहे. आणि मी येत्या एक तारखेपासून तीन महिने तुमच्याकडे राहायला येतेय.

लगेच "नोकरीचं काय?" म्हणू नका. ऑफिसनं घरून काम करायला परवानगी दिली आहे, लेखी दिली आहे, पगारात काही कमी होणार नाही. तुमचे जावई म्हणाले, "जा, मी बघतो इकडचं," आणि ते खरंच बघतात, तुम्हाला माहीत आहे. पिल्लाला सुट्टी लागली की दोघं येतील. तीन महिन्यांत माझ्या क्लासचं कामही होईल, आम्हाला एकाच घराचे फोटो सलग काढून आणायचेत. म्हणजे मी तुमच्यासाठीच येतेय असंही नाही, माझीही सोय आहे त्यात. हे कारण मी तुम्हाला पटावं म्हणून शोधलं होतं, पण लिहिताना वाटतंय की तेवढंच खरं सांगावं: मला तुमच्याजवळ राहायचंय.

तुमच्या दिवसात ढवळाढवळ करणार नाही. बाबांची खुर्ची खिडकीशी आहे तिथंच राहील, रेडिओ लागेल त्या वेळी लागेल, मी कानाला हेडफोन लावून काम करीन. मागच्या खोलीत माझं टेबल मावतं, मी मोजून ठेवलंय. आई, स्वयंपाकघर तुझंच. डबे हलवणार नाही. फक्त तिथं एक उंच स्टूल ठेवीन, बसून कर. दुपारची झोप मोडणार नाही आणि त्या वेळी कॅमेरा कपाटात असेल.

मी येईपर्यंत मात्र हे ऐकायचं. बाबांनी रात्री उठताना दिवा लावायचा, अंधारात भिंत चाचपडत जायचं नाही. आईनं गोळ्या "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायच्या नाहीत. जुन्या तपासण्यांचे कागद एका पिशवीत घालून ठेवा, सगळे, ज्यांत काही निघालं नव्हतं तेही. अल्बम जमिनीलगतच्या कप्प्यातून काढून आतल्या खोलीच्या कपाटात मधल्या फळीवर ठेवा, ते काम दादाला सांगा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतील. मी आले की दात साफ करायचा बारीक दोरा खालून फिरवून एकेक सोडवते. आणि फोटोंच्या मागे नावं लिहायला बसलात तर मऊ पेन्सिलीनं लिहा. बॉलपेननं पुढच्या बाजूला वळ उठतात आणि शाईही उतरते. कोण कुठले नातेवाईक ते तुम्हा दोघांनाच ठाऊक आहे, तेवढं मात्र लिहाच, रोज पाच-दहा. आई सांगेल, बाबा लिहितील.

बाबा, तुमचा कॅमेरा बाहेर काढून ठेवा. रोल अजून मिळतात, मी आणतेय. या वेळी छत्तीस फोटो तुम्ही आईचे काढायचे. आई, तू हो म्हटलंस तर. "आले, आले" म्हणून आत गेलीस तरी चालेल, आम्ही थांबू.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, घड्याळाच्या पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडू नका. तुम्ही तेच करणार हे मला माहीत आहे. तो तसाच राहू दे. डॉक्टरांना दाखवायचाय.