गुडघे, खुबे आणि सान सिरो

सोन्या,

फोनवर तू विचारलंस कसा झाला ब्रूस स्प्रिंगस्टीनचा शो, मिलानचा, आणि मी नुसतं "मस्त" म्हणून मोकळी झाले, कारण मागे एअरपोर्टवर अनाउन्समेंट चालू होती आणि तुझे बाबा चार्जर कुठे ठेवला म्हणून बॅग उलटीपालटी करत होते. आता घरी बसून नीट लिहितेय. लांबेल, ऑफिसमध्ये वाचत बसू नकोस.

जायच्या आधी तू म्हणाला होतास ना की पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला बघायला एवढ्या लांब कशाला, गाणी तर सगळी फोनवर आहेत. मग तूच पुढे म्हणालास, जा बाबा, एकदा बघून घ्या, परत असेल नसेल. हे दुसरं वाक्य मला जास्त लागलं. तूच नाही, सगळेच तसं म्हणत होते, जणू काही आम्ही आजाऱ्याला भेटायला चाललोय. अरे, त्या अमेरिकन रॉक गायकाचं अंत्यदर्शन घ्यायला गेलो नव्हतो आम्ही. तो माणूस अजून कामावर येतो आणि कसा येतो ते बघायचं होतं.

आणि ही तिकिटं मुळात 2024 च्या जूनची, हे तुला आठवत असेलच कारण रिफंड घ्या रिफंड घ्या म्हणून तूच मागे लागला होतास. आधीच्या वर्षी पेप्टिक अल्सरमुळे त्याचे कितीतरी शो पुढे गेले होते, मग 2024 च्या मेमध्ये आवाजाचा त्रास, डॉक्टरांनी गाऊ नका सांगितलं, झालं, मार्सेय, प्राग आणि मिलान, सगळं एक वर्ष लांबणीवर. तुझे बाबा एवढंच म्हणाले की त्याला बरं वाटेपर्यंत आपण थांबू, त्यात काय. विषय संपला. एरवी कुरिअर अर्धा दिवस उशिरा आलं तर कस्टमर केअरला धारेवर धरणारा माणूस हा.

माझ्या गुडघ्यांवरून तू जे लेक्चर दिलंस त्याचं उत्तर तिथे स्टेजवरच उभं होतं. निल्स लॉफग्रन, गिटारवाला, 1984 पासून ब्रूसच्या बँडमध्ये. तरुणपणी स्टेजवर ट्रॅम्पोलीनवरून उलट्या कोलांट्या मारायचा गिटार गळ्यात असताना, आणि 2008 ला त्याचे दोन्ही खुबे बदलावे लागले. दोन्ही! आणि तो माणूस सोलो वाजवताना अजूनही जागच्या जागी गिरक्या घेतो. मी बाबांना कोपर मारून दाखवलं. त्यामुळे गुडघ्यांचा विषय यापुढे घरात बंद.

तरी आम्ही खाली मैदानात उभं राहायचं तिकीट नव्हतंच घेतलं. बाबांची फार इच्छा होती. तिथे पुढे जाणारी पोरं (पोरं कसली, निम्मी माझ्याच वयाची) आदल्या दिवसापासून नंबर लावतात, हातावर मार्करने नंबर लिहितात, ठरलेल्या वेळेला हजेरी असते, हजेरी चुकली की नाव कट. सगळं आपापसात, कुणी अधिकारी नाही काही नाही. मी म्हटलं मला खुर्ची पाहिजे. मिळाली, दुसऱ्या मजल्यावर, आणि तिथे जायला स्टेडियमला बाहेरून गुंडाळलेला तो लांबच लांब रॅम्प चढायचा. सान सिरो, मिलानचं हे स्टेडियम, टीव्हीवर फुटबॉलमध्ये बघितलंय आपण, पण जवळून ते प्रकरण अंगावर येतं. 1926 चं मूळ, वरचा तिसरा मजला आणि ते कोपऱ्यातले गोल टॉवर 1990 च्या वर्ल्ड कपसाठी चढवलेले. इटलीतला ब्रूसचा पहिला शो इथेच झाला, 21 जून 1985 ला. आमच्या शेजारचे एक काका, मोडकंतोडकं इंग्लिश, ते त्या शोला आले होते म्हणे, तेव्हा मैत्रीण होती ती आता बायको, आणि ती बाई पलीकडे बसून आमच्याकडे बघून हसत होती, तिला आमचं एक अक्षर कळत नव्हतं. मग बाबांनी त्यांना सांगितलं की तो आमच्याकडे पण येऊन गेलाय. काकांना खरंच वाटेना. येऊन गेलाय की रे, 30 सप्टेंबर 1988, दिल्ली, जवाहरलाल नेहरू स्टेडियम, अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्कवाल्या संस्थेची टूर होती, सोबत स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन, युसू एन'दूर. आम्ही तेव्हा नुसत्या कॅसेटवर, आणि ती कॅसेट पण कुणाची तरी कॉपी करून घेतलेली.

आता मुख्य गोष्ट. बाबांच्या कानांचं तुला माहितीये पण किती ते बहुतेक माहीत नाही, कारण ते तुझ्यासमोर मशीन काढून ठेवतात. वयामुळे जे ऐकू कमी येतं ते वरच्या पट्टीतलं आधी जातं. ढोल, बास, पुरुषाचा आवाज, हे सगळं येतं. झांजेचा झणकार, घंटा, पक्षी, हे गेलं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले जा पण कान सांभाळा, 100 डेसिबलला पंधरा मिनिटं म्हणजे दिवसाचा कोटा संपला, आणि अशा शोमध्ये 100 सहज होतात. म्हणून दोघांनी कानात घालायचे प्लग घेतले, ते म्युझिकवाले, जे सगळं सारखं खाली आणतात. बाबांनी मशीन खिशात ठेवलं आणि प्लग घातले. म्हणजे बघ, ज्याला आधीच कमी ऐकू येतं तो माणूस एवढा प्रवास करून कानात बोळे घालून बसला. मला हसू पण येत होतं आणि आतून कसंतरीही होत होतं.

शो सुरू झाला तेव्हा लख्ख उजेड होता, जुलैत तिथे सव्वानऊपर्यंत सूर्य मावळत नाही. वर उकाडा. तो आला आणि सगळं स्टेडियम ब्रूऽऽऽऽस म्हणून ओरडलं, नवख्या माणसाला वाटेल हुर्यो उडवतायत. मग वन टू थ्री फोर, आणि पुढचे पावणेतीन-तीन तास जवळजवळ सलग. मध्ये ब्रेक नाही, एक गाणं संपतं न संपतं तोच पुढचा काउंट. मधेमधे तो थांबून बोलला, स्वतःच्या देशाच्या सरकारबद्दल, सरळ सरळ. मॅन्चेस्टरपासून या टूरवर तो हे रोज बोलत होता आणि त्यावर तिकडे किती गदारोळ झाला ते तू वाचलं असशीलच. माझ्या पुढच्या रांगेतल्या दोघांना ते आवडलं नाही असं दिसलं, गाणं लागलं तशी मात्र दोघं खुर्चीवर उभी.

बाबा त्यांच्या पद्धतीने बघत होते, म्हणजे दुर्बीण लावून ड्रमरकडे. मॅक्स वाइनबर्ग, 1974 पासून आहे, चौऱ्याहत्तर वय. त्याची नजर ब्रूसवरून हलत नाही, तो खांदा कसा वळवतो, हात कधी वर करतो, त्यावर पुढचा ठोका. आणि मग बाबांचं इंजिनिअरिंग सुरू झालं, की आपण स्टेजपासून शंभरेक मीटर आहोत, आवाज सेकंदाला तीनशे चाळीस-पन्नास मीटर जातो, म्हणजे काठी पडलेली दिसते आणि आवाज पाव-एक सेकंदाने येतो, म्हणून मध्येमध्ये स्पीकरचे वेगळे मनोरे लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम उशिरा सोडतात, नाहीतर सगळं दोनदा ऐकू येईल. हे सगळं त्यांनी माझ्या कानाशी ओरडून सांगितलं, प्लगमधून. मी मात्र नाचत होते, जमेल तसं. आम्ही दोघं कायम असेच ऐकतो रे, ते कसं बनवलंय बघतात आणि मी त्यात जाऊन बसते, लग्नाआधीपासून यावर वाद आहे.

मेलेली माणसं पण होती त्या शोमध्ये. ऑर्गनवाला डॅनी फेडेरिची 2008 ला गेला, सॅक्सोफोनवाला क्लॅरेन्स क्लेमन्स 2011 ला, तोच, ज्याच्या खांद्यावर रेलून ब्रूस त्या 1975 च्या 'बॉर्न टू रन' अल्बमच्या कव्हरवर हसतोय. सॅक्स आता क्लॅरेन्सचा पुतण्या जेक वाजवतो. बँड कसा जमला ते सांगणारं एक गाणं आहे, त्यात क्लॅरेन्सचं येणं आहे, तिथे पडद्यावर दोघांचे फोटो येतात आणि लोक रडत नाहीत, नाचतात, जोरात. मला हे फार बरोबर वाटलं. आणि बायको पॅटी, तीही बँडमधलीच, तिला रक्ताचा कॅन्सर आहे, 2018 ला निदान झालं पण उघड केलं 2024 ला, त्यामुळे हल्ली ती टूरवर क्वचितच असते. हे सगळं पाठीवर घेऊन तो माणूस रोज वन टू थ्री फोर म्हणतो. तू म्हणतोस ना फोनवर गाणी आहेत. गाणी आहेत. हे नाहीये फोनवर.

मग 'बॉर्न टू रन' आलं. ते गाणं त्याच्या शोमध्ये अंधारात होत नाही, स्टेडियमचे सगळे दिवे लावतात, म्हणजे एकदम सगळे सगळ्यांना दिसतात, घामेजलेले, केस विस्कटलेले, पोट सुटलेले, आम्ही पण. त्या गाण्यात मागे ग्लॉकेनश्पील आहे, ती धातूच्या पट्ट्यांची बारीक किणकिण, रेकॉर्डवर डॅनीने वाजवलेली. बाबांचा तो लाडका आवाज, या गाण्याचा जीव त्यातच आहे असं ते मला कॅसेटच्या काळापासून ऐकवत आलेत. त्यांनी एक प्लग काढला. काही सेकंद तसेच उभे राहिले, मग माझ्याकडे वळून हवेत दोन बोटांनी टुणटुण वाजवल्यासारखं केलं आणि भुवया वर केल्या. म्हणजे, वाजतेय का? मी जोरात मान हलवली, वाजतेय. त्यांनी प्लग परत घातला आणि त्यानंतर पूर्ण गाणंभर मी ती किणकिण त्यांच्या मनगटावर बोटाने वाजवत होते, जशी येईल तशी, आणि ते डोळे मिटून ओरडून गात होते, भयंकर बेसूर. शेजारचे काका बघत होते. बघू देत.

शेवटाकडे त्याने बॉब डिलनचं 'चाइम्स ऑफ फ्रीडम' घेतलं. ते त्या 1988 च्या अ‍ॅम्नेस्टी टूरचं गाणं, म्हणजे एका अर्थी दिल्लीचं आमचं राहिलेलं आम्हाला सदतीस वर्षांनी मिळालं, असं मी म्हटलं तर बाबा म्हणाले हिशोब असा लावत नाहीत.

बाहेर पडायला प्रचंड वेळ लागला. रॅम्पवर हजारो माणसं मुंगीच्या पावलांनी उतरतायत आणि सगळी मिळून गातायत, शब्द नाहीत, नुसती ओ ओ ओ ची चाल. मेट्रोला एवढी गर्दी की आम्ही सरळ चालायला लागलो. गुडघे दुखले, हो, दुसऱ्या दिवशी दुखले, लिहून ठेवते नाहीतर तू म्हणशील लपवलं. बर्फ लावला, गेले.

कान शिट्टी मारत नाहीयेत दोघांचेही, प्लगचे पैसे वसूल. बाबांनी आता दुसरंच काढलंय, त्यांचं म्हणणं आपल्या मजल्यावर छपरामुळे आवाज घुमत होता आणि खाली मैदानातच खरा बॅलन्स मिळतो, त्यामुळे पुढच्या टूरला उभं राहायचं, हातावर नंबर लिहून. मी हो नाही काहीच म्हटलेलं नाही अजून. कोणकोणती गाणी घ्यायला हवी होती आणि घेतली नाहीत याची त्यांची यादी तुला मेलवर येईल, मोठी आहे, तीनचार तरी मुद्द्यांवर वाद घाल त्यांच्याशी, बरं वाटेल त्यांना.

आई